जालन्याची उकळी

पाणी शंभर अंशांवर उकळतं असं कुणी माझ्यासमोर म्हटलं, की अजूनही माझं डोकं फिरतं. नातवंडांना हे पक्कं ठाऊक आहे. घरी पाहुणे आले, की त्यातलं धाकटं मुद्दाम पुस्तक उघडून ते वाक्य मोठ्यानं वाचतं आणि मग सगळी मिळून माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी विचारतो, "कुठलं पाणी? कुठल्या गावचं? काय टाकलंय त्यात?" पोरं खिदळतात. खिदळू देत. त्यांना रंगनाथ मास्तर माहीत नाहीत, यात त्यांचा काही दोष नाही. ज्यांचा दोष आहे त्यांच्या तसबिरी शाळेच्या हॉलमध्ये लागल्या आहेत आणि दरवर्षी त्यांना हार पडतात.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली. आमची शाळा जालन्यात, मस्तगडात, एका बंद पडलेल्या पेढीच्या माडीवर भरायची. सरकारी शाळांत वरचं शिक्षण सगळं उर्दूतून. मराठीतून शिकवायचं तर खाजगी शाळा काढायची, आणि खाजगी शाळा काढायची म्हणजे तालीम खात्याची, म्हणजे शिक्षण खात्याची, इजाजत आणायची. आम्हाला सातवीपर्यंतची मिळाली होती, आठवीची मिळत नव्हती. आमची कितीतरी पोरं सातवी झाली की दुकानात गल्ल्यावर बसायची नाहीतर बैलांमागे जायची. म्हणून त्या इजाजतीसाठी आमची संस्था देव पाण्यात घालून बसली होती. मी मराठी शिकवायचो. रंगनाथ मास्तर सायन्स आणि गणित.

मास्तर मूळचे तीर्थपुरीचे, शेतकऱ्याच्या घरचे. हैदराबादेला जाऊन इंटरपर्यंत शिकले होते. तिथं त्यांचं सगळं सायन्स उर्दूतून झालेलं, त्यामुळे विचार उर्दूत चालायचा आणि तोंडातून तीर्थपुरीची मराठी बाहेर पडायची. अंगात गुडघ्यापर्यंतची शेरवानी. तिचा गळ्याचा हुक मी कधी लावलेला पाहिला नाही. आतल्या खिशात बांबूची एक नळी असायची, नळीत कापूस आणि कापसात थर्मामीटर. शाळेकडे थर्मामीटर नव्हता. संस्थेकडे मागून मागून थकले, तेव्हा मास्तरांनी स्वतःच्या पगारातून हैदराबादेहून आणला. मोटारीतून येताना तो फुटू नये म्हणून सगळी वाट मांडीवर धरून बसले होते, तान्हं मूल धरावं तसे.

तो घेऊन शाळेत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते विहिरीचं पाणी चंबूत घालून उकळायला ठेवण्याचं. पारा चढत गेला, चढत गेला आणि अठ्ठ्याण्णवच्या थोडा वर जाऊन थांबला. खाली जाळ वाढवला तरी हलेना. मास्तरांनी बारीक कानस मागवली आणि पारा थांबला त्या जागी काचेवर एक खूण ओढली. "ही जालन्याची उकळी," ते म्हणाले, "आपल्या गावचं पाणी हितं उकळतं."

"पण पुस्तकात शंभर आहे," मी म्हणालो.

"पुस्तक समुद्राच्या काठी बसून लिहिल्यालं हाय, कुळकर्णी. तिथं पाण्यावर हवेचं ओझं जास्ती. आपून उंचावर हावोत, हितं ओझं हलकं, मंग पाणी जरा आधीच उकळतं. पुस्तक खोटं न्हाई. पण ते जालन्याला आलंच न्हाई कधी."

मला ते ऐकून गंमत वाटली. या वाक्यापायी त्या माणसाची नोकरी जाईल, असं त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मास्तरांचा एक ठरलेला प्रश्न होता: "काय दिसलं?" पोरगं उठून पुस्तकातलं धडाधडा म्हणायला लागलं, की हात वर करून त्याला थांबवायचे. "पुस्तकात काय हाय ते मी न्हाई विचारून राह्यलो. तुला काय दिसलं ते सांग." पोरगं गडबडायचं. मास्तर थांबायचे. पोरगं रडकुंडीला आलं तरी थांबायचे, पण उत्तर सांगायचे नाहीत. परीक्षेत मात्र पोरांचं नुकसान होऊ नये म्हणून त्यांनी पूर्ण वाक्य लिहायला शिकवलं होतं: समुद्रकाठी शंभर, आमच्या गावी त्याहून कमी. काही पालक तक्रार घेऊन आले, की मास्तर पोरांना भलतंच शिकवतात. मास्तरांनी त्यांनाही चंबूपुढे बसवलं आणि विचारलं, "काय दिसलं?" पालक पुन्हा आले नाहीत.

एकदा मला म्हणाले, "नुक्तए-जोशला तुमच्या मराठीत काय म्हणतात?" मी दोन दिवस विचार करून, एकदोन पुस्तकं चाळून मोठ्या थाटात सांगितलं, "उत्कलनबिंदू." मास्तरांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "हे म्हणून होईस्तोवर पाणी आटून जाईल हो," म्हणाले, आणि फळ्यावर लिहिलं, 'उकळी'. मला राग आला होता. पण पुढे मीही 'उकळी'च म्हणायला लागलो.

उकळी ही पदार्थाची ओळख असते, असं ते शिकवायचे. माणसाला नाव विचारावं, पदार्थाला तापवून बघावं. रंग फसवतो, वासही फसवतो, उकळी सहसा फसवत नाही. या शिकवणीचा एकदा बाजारात तमाशा झाला. शाळेच्या दिव्यासाठी स्पिरिट आणलेलं. दिवा सारखा फडफडून विझायचा. मास्तरांनी ते स्पिरिट नळीत घालून नळी गरम पाण्यात उभी केली आणि थर्मामीटर सोडला. चांगलं स्पिरिट असतं तर पारा अठ्ठ्याहत्तरच्या अलीकडे कुठंतरी जाऊन ठाम उभा राहिला असता. इथं तो उभाच राहीना, हळूहळू वर सरकत राहिला. मास्तर ती बाटली घेऊन तडक दुकानात गेले, मी मागे.

"यात पाणी हाय," मास्तर दुकानदाराला म्हणाले.

"कशावरून म्हणता? बाटलीवर 'खालिस' लिहिल्यालं हाय की."

"जे निर्मळ असतं ते एका जागी उकळतं. हे सरकून राह्यलं. सरकणारावर आपला भरोसा न्हाई."

"मास्तर, दिव्यात घालायचं स्पिरिट हाय ते, गंगाजल न्हाई. थोडं इकडंतिकडं चालतंय."

बस्स, तेवढं पुरे झालं. "चालतंय? कोणाला चालतंय? मला न्हाई चालत!" मास्तरांचा आवाज चढला, रस्त्यावरची माणसं जमली. दुकानदारानं शेवटी कानाला हात लावला आणि दुसरी बाटली दिली. परत येताना मी म्हणालो, "एवढं कशाला तापायचं?" ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच त्या स्पिरिटात पाणी घातलं होतं.

वाटूरला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं, तिथं तर त्यांनी कहरच केला. मोठ्या पातेल्यात वरण रटरटत होतं आणि आचारी चुलीत लाकडावर लाकूड सारत होता. त्या साली सरपणाची टंचाई होती, वधूपित्यानं कुठून कुठून लाकूड जमवलेलं. मास्तर मंडपातून उठले आणि चुलीपाशी जाऊन दोन जळती लाकडं ओढून बाहेर काढली. आचारी ओरडला, "ओ मास्तर, काय करून राह्यले? वऱ्हाड उपाशी ठेवता का?"

"उकळी फुटली ना? मंग पाणी याच्यावर तापत न्हाई. तू अख्खं रान जाळलं तरी न्हाई. नुसती उकळी राखायची, बाकी सगळं वाफेत चाललंय."

"मी बारा गावची लग्नं काढली, मला शिकवू नका!"

वधूपिता धावत आला, व्याही धावत आला, लग्नात विघ्न नको म्हणून मला मध्ये पडावं लागलं. वरण शिजलं, वेळेवर शिजलं आणि चांगलं शिजलं. आचारी शेवटपर्यंत मास्तरांना वाढायला आला नाही. मास्तरांनी ते वरण तीनदा मागून घेतलं.

आता ज्या मिठानं मास्तरांची नोकरी गेली त्याकडे येतो.

तालीम खात्याचे मोहतमीम, म्हणजे वरचे अधिकारी, शाळा तपासायला येणार असा निरोप आला. तपासणीवर आठवीची इजाजत ठरणार होती. संस्थेत धावपळ उडाली. माडीच्या भिंतींना चुना लागला, पोरांना टोप्या धुऊन घालायची ताकीद झाली. हे साहेब प्रत्येक शाळेत सायन्सचा एक प्रयोग समोर करून दाखवायला सांगतात, अशी बातमी आमच्या चिटणीसांनी आणली. चिटणीस म्हणजे जालन्यातले वकील. संस्था त्यांच्या शब्दावर चालायची. आम्ही त्यांना वकीलसाहेब म्हणायचो.

मास्तर म्हणाले, "पाणी उकळून दाखवतो." हेडमास्तरांचा चेहरा पडला. त्यांना जालन्याची उकळी माहीत होती. तोपर्यंत ती सगळ्या शाळेला माहीत झाली होती.

"रंगनाथराव, साहेबांपुढे पारा शंभरावर गेला पाहिजे."

"न्हाई जाणार."

"मग पारा तुम्हीच वाचा आणि शंभर म्हणा. लांबून कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय की."

वकीलसाहेब मध्ये पडले. "मास्तर, पोरांचं भवितव्य आहे. एका अंशासाठी हटून बसायचं?"

"साहेबाला समजावून सांगतो की मी. शिकल्याला माणूस हाय, समजंल त्याला."

ते समजेल, यावर दोघांचाही विश्वास नव्हता. आमच्या संस्थेचा एकूणच सरकारी माणसाच्या अकलेवर विश्वास नव्हता आणि स्वतःच्या हुशारीवर फार होता. त्या वेळी मात्र दोघंही दुसऱ्या कामाला लागले. मला वाटलं, विषय मिटला.

तपासणीच्या दिवशी मोहतमीम साहेब आले. उतारवयाचे, जाड भिंगांचा चष्मा, आवाज मऊ. त्यांनी माझ्या वर्गात दोन कविता ऐकल्या, त्यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे, पण मान डोलावली. मग सगळे सायन्सच्या खोलीत गेलो. टेबलावर चंबू पाणी भरून तयार होता, त्याच्या बुचातून थर्मामीटर आत सोडलेला, खाली दिवा. पाणी उकळलं. मास्तरांनी पहिल्या बाकावरच्या पोराला बोलावलं. "वाच. काय दिसलं?"

पोरानं डोळे बारीक केले. खुणेकडे पाहिलं, पुन्हा पाऱ्याकडे पाहिलं. "शंभर, सर."

"बराबर बघ."

"शंभरच आहे, सर."

"शाबाश!" हेडमास्तर मोठ्यानं म्हणाले. वकीलसाहेबांनी हसून साहेबांकडे पाहिलं. साहेबांनीही मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं होतं.

मास्तर वाकले. स्वतः वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, ते मी अगदी जवळून पाहिलं. पारा खुणेच्या वर होता, सरळ शंभरावर. ज्या गोष्टीसाठी हा माणूस बाजारात भांडला, पालकांशी भांडला, तीच त्याच्यासमोर खोटी ठरत होती. क्षणभर ते इतके एकटे दिसले, की मला त्यांचा हात धरावासा वाटला.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. थर्मामीटर बुचातून हलकेच वर ओढला, एवढाच की त्याचं टोक पाण्याबाहेर येऊन वाफेत राहील. आम्ही सगळे बघत होतो. पारा उतरला. हळूहळू उतरला आणि कानशीच्या खुणेवर येऊन जिथल्या तिथे उभा राहिला.

मास्तर ताठ झाले. त्यांनी दिवा बाजूला केला, फडक्यानं चंबू धरून चार थेंब बशीत ओतले, फुंकर घातली, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. आता चेहऱ्यावर रंग परत आला, आणि त्यात राग होता.

"जनाब," ते साहेबांना म्हणाले, "इस पानी में नमक है. ये पानी नहीं, सालन है." सालन म्हणजे कालवण.

झालं होतं ते एवढंच. मीठ घातलं की पाणी जास्त तापून उकळतं, हे मास्तरांनी वर्गात शिकवलं होतं, आणि शेजारच्या खोलीत बसणाऱ्या हेडमास्तरांनी फळीच्या भिंतीतून ते ऐकलं होतं. मास्तरांच्या एवढ्या सगळ्या शिकवण्यातून त्यांनी एवढंच उचललं! पारा शंभरावर पोचावा म्हणून सकाळी मूठ-मूठ मीठ चंबूत विरघळवलं. पण वाफेबरोबर मीठ वर येत नाही, वाफ असते ती निव्वळ पाण्याची. धड्याचा हा भाग त्यांच्या कानावर पडला नसावा.

"नमक किसने डाला?" साहेबांनी विचारलं.

हेडमास्तरांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं, वकीलसाहेबांनी खिडकीबाहेर. दारात आमचा चपराशी हुसेन उभा होता. तो बिचारा घाबरून बोलून गेला, "मेरे कू क्या मालूम साब. हेडमास्तर साब बोले दाल में डालने कू नमक ला, मैं लाया. इस्कूल में दाल कां है?"

मास्तरांनी हेडमास्तरांकडे बोट केलं नाही. एवढंच म्हणाले, "जनाब, इजाजत हो तो साफ पानी से फिर दिखाता हूँ."

विहिरीचं ताजं पाणी आलं. पुन्हा उकळलं. पारा खुणेवर थांबला. साहेब स्वतः उठून आले, चष्मा वर करून त्यांनी तो वाचला. मग शंभर का नाही ते विचारलं, आणि मास्तरांनी त्यांना उर्दूतून सगळं समजावून सांगितलं: हवेचं ओझं, समुद्र, उंची. साहेब लहान मुलासारखे ऐकत होते.

"और हमारे बीदर में?"

"बीदर और ऊँचा है, जनाब. वहाँ इससे भी कम."

साहेब हसले. "तभी बीदरवाले जल्दी जोश में आते हैं." जाताना त्यांनी सगळ्यांसमोर वकीलसाहेबांना सांगितलं, "आठवीं की सिफारिश मैं करूँगा. और इन मास्टर साहब को संभालिए. ऐसे आदमी आसानी से नहीं मिलते."

आणि इजाजत आली! ज्या साहेबाला कळणार नाही म्हणून आमच्या लोकांनी पाण्यात मीठ कालवलं, त्या परक्या साहेबाला सगळं कळलं. कळलं नाही ते आमच्या माणसांना. इजाजतीचे पेढे वाटून पंधरवडा उलटला नाही तोच मास्तरांना संस्थेच्या बैठकीत बोलावलं. शिक्षकांनाही बसवलं होतं, धडा मिळावा म्हणून.

"तुम्ही सरकारी अंमलदारासमोर हेडमास्तरांची अब्रू घालवलीत," वकीलसाहेबांनी सुरुवात केली. "इजाजत हातची जाणार होती."

"गेली नाही ना?" मी म्हणालो.

"नशिबानं मिळाली. कुळकर्णी, तुम्ही तुमचं व्याकरण सांभाळा."

त्यांनी मास्तरांपुढे तोड ठेवली. मास्तरांनी गावात आणि पोरांपुढे एवढंच सांगायचं, की मीठ मीच टाकलं होतं, प्रयोगाचा भाग म्हणून. हेडमास्तर यातून सुटतील, संस्थेचं तोंड राहील आणि मास्तरांची नोकरीही. नाही म्हणाल तर उद्यापासून येऊ नका. घरी म्हातारी आई होती, बायको होती, आणि त्या पगाराखेरीज चुलीला दुसरा आधार नव्हता. हे बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणूनच ती तोड ठेवली होती.

मास्तरांनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. मग म्हणाले, "मी न्हाई टाकलं. मंग मी टाकलं कसं म्हणू?"

"खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, मास्तर," कुणीतरी मागून म्हणालं.

"खाल्ल्याल्या मिठाला जागलो असतो. हे पाण्यात टाकल्यालं हाय." मास्तर उभे राहिले. "तुम्ही समदे तिथं व्हते. हेडमास्तर, तुम्हाला काय दिसलं?"

हेडमास्तरांनी पायाच्या अंगठ्यानं सतरंजी उकरायला सुरुवात केली.

"वकीलसाहेब, तुम्हाला?"

वकिलांनी डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, "मला शंभर दिसलं."

ते खोटं बोलणारा तो सावकाश, भारदस्त आवाज अजून माझ्या कानात आहे. माझ्यावर पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मला मीठ दिसलं." पण शिक्षकाच्या मताला त्या सतरंजीवर काय किंमत! मास्तरांना काढून टाकायचा ठराव झाला. वर आणखी एक गोष्ट केली. थर्मामीटर शाळेची मालमत्ता आहे असं ठरवलं, आणि त्यावर कानशीनं खूण करून मास्तरांनी त्या मालमत्तेचं नुकसान केलं असंही ठरवलं. ज्या माणसानं तो मांडीवर धरून आणला, त्याच्यावर! मी ओरडलो. मास्तरांनी मला हातानं गप्प केलं, आतल्या खिशातून बांबूची नळी काढली, टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेले. मला आजही कळत नाही, आमच्यातल्या कुणाला त्या वेळी लाज कशी वाटली नाही.

ते तीर्थपुरीला परतले. भावाच्या शेतात राबायचे आणि सकाळी चावडीपुढच्या लिंबाखाली चार पोरं जमवून शिकवायचे, असं कानावर यायचं. शाळेत नवे सायन्स मास्तर आले. ते चंबूला हात लावत नसत. पाणी शंभरावर उकळतं, हे त्यांनी पोरांकडून दहा वेळा लिहून घेतलं. थर्मामीटर कपाटात पडून राहिला.

वर्षं गेली. पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य संपलं. आमचे वकीलसाहेब खादी घालून अशा थाटात फिरायला लागले, की जणू मिठाचा सत्याग्रह त्यांनीच केला. मीठ त्यांच्या राज्यात हाताळलं गेलं होतं, एवढं मात्र खरं. शाळेत त्यांचा सत्कार झाला. 'सत्यासाठी झगडणारे' असं त्यांच्याविषयी कुणी बोललं तेव्हा मी उठून बाहेर आलो. तसाच कपाटापाशी गेलो, बांबूची नळी काढली आणि हेडमास्तरांच्या समोरून निघालो.

"ते कुठं नेता?" त्यांनी विचारलं.

"ज्याचं आहे त्याला द्यायला," मी म्हणालो. ते बाजूला सरकले.

दुसऱ्याच दिवशी मी तीर्थपुरीची मोटार धरली. हिवाळा होता. मास्तर अंगणात ज्वारी पाखडणाऱ्या बायकोशी बोलत बसले होते. वाळले होते, खोकत होते. शेरवानी गेली होती, अंगावर घोंगडी होती. मला बघून उठायला लागले, पण वहिनीच आधी बोलल्या. "या भावजी. इतके साल झाले, त्या जालन्याचं एक माणूस फिरकलं न्हाई. मुडदा बशिवला त्या मीठवाल्यांचा! माझ्या माणसानं काय चोरी केल्ती का?"

"जाऊ दे गं," मास्तर म्हणाले.

"का जाऊ देऊ? तुम्ही जाऊ दिलं म्हून तर त्यांनी नेलं."

मला वहिनींच्या पाया पडावंसं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या मनातलं बरोबर बोलणारं एक माणूस भेटलं होतं. मी नळी काढून मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी कापूस बाजूला केला, थर्मामीटर उजेडाकडे धरला, खूण चाचपली. डोळे भरून आले होते, पण बोलले ते वेगळंच.

"अगं, पातेल्यात पाणी ठेव बरं. जल्दी."

आम्ही तिघं चुलीपुढे बसलो. "कुळकर्णी, हे मला लई दिवसांपासून बघायचं व्हतं," ते म्हणाले. "तीर्थपुरी जालन्याच्या खाली हाय, गोदेच्या अंगाला. मंग हितलं पाणी जालन्याच्या खुणेच्या जरा वर उकळाया पायजे. माझा हिसाब तसा सांगतोय. पण बघायला हे कुठं व्हतं माझ्यापाशी?"

मी संतापलो. हे एवढंसं बघायचं राहिलं होतं या माणसाचं, आणि वस्तू तिकडे कुलपात पडली होती. पण ते संतापायला रिकामे नव्हते. पाणी खळखळलं. पारा चढला, खुणेपाशी आला, खूण ओलांडली आणि थांबला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय दिसलं?"

मी वाकून नीट पाहिलं. घाई केली नाही. "केसभर वर आहे."

"बघ गं तू पण."

वहिनींनी पाहिलं. "हाय की वर," त्या म्हणाल्या, "खुणेच्या वर हाय."

मास्तरांनी मान हलवली. त्यांच्यासाठी ती गोष्ट पूर्ण झाली होती. चहा झाला, आणि मोटारीची वेळ झाली तेव्हा त्यांनी थर्मामीटर पुसून, कापसात गुंडाळून, नळीत घालून माझ्या हातात ठेवला.

"हे काय? तुमचं आहे हे! तुमच्या घामाच्या पैशाचं आहे."

"शाळेत पोरं हायत. आठवीला किती झाले आता? खच्चून वर्ग भरतो म्हणतात. त्यांना काय दाखवता मंग, पुस्तक?"

मी भांडलो, अगदी मोटारस्टँडपर्यंत भांडत गेलो. त्यांनी ऐकलं नाही. मोटारीत बसलो तरी मी रागानं धुमसत होतो. त्या माणसाच्या जागी मी असतो तर त्या शाळेला पाण्याचा थेंबही दिला नसता. ते खिडकीपाशी आले. "आधी पाणी दाखवा, पुस्तक मंग," म्हणाले, आणि जरा हसून, "मीठ तेवढं हेडमास्तरांच्या घरी पोचतं करा. दाळीत टाका म्हणावं."

मोटार सुटली. ती आमची शेवटची भेट. धुळीतून मागे वळून पाहिलं, तर ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, घोंगडी एका खांद्यावरून घसरलेली. त्यांनी हात वर केला होता, मला वाटलं निरोपाचा. मग नीट पाहिलं. अंगठा आणि बोट अगदी जवळ आणून, तो केसभर फरक ते मला लांबूनच पुन्हा दाखवत होते.